नॅरोबोटीवर एक दिवस: दोर सोडण्यापासून बोट परत देईपर्यंत

भारतातून आई-वडील आले, दोन-तीन कुटुंबं जमली की इंग्लंडमधल्या कालव्यावर दिवसभरासाठी नॅरोबोट (लांब, अरुंद बोट) घ्यायचा बेत हमखास निघतो. चालवणाऱ्याला परवाना लागत नाही, अर्ध्या-पाऊण तासाची शिकवणी मिळते आणि बोट ताब्यात येते. गोंधळ त्यानंतर सुरू होतो. झेपणार नाही इतका लांबचा मार्ग घेतलेला असतो, उशीर भरून काढायला वेग वाढवला जातो, आणि वेगात आलेली बोट थांबवायला कुणीतरी पाय पुढे करतं. खालचे टप्पे बोट घ्यायच्या आधी वाचा, आणि लॉकचा (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना गेट असलेल्या हौदाचा) भाग लॉकवर जाणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावा.

## १. मार्ग मैलांवर नाही, तासांवर ठरवा

कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, म्हणजे जेमतेम साडेसहा किलोमीटर. तीही सगळीकडे गाठायची नसते. काठाला बांधलेल्या बोटी, पूल आणि वळणं धरली तर सरासरी ताशी अडीच मैल पडते. हिशेब असा करा:

- बोट सकाळी ९.३० ला ताब्यात, शिकवणी संपून १०.१५ ला निघालात.
- परत द्यायची वेळ ५ असेल तर ४.४५ ला धक्क्यावर. हातात साडेसहा तास.
- जेवणाचा एक तास आणि अडचणींसाठी अर्धा तास वजा. उरले पाच.
- जायला अडीच, यायला अडीच. म्हणजे एका दिशेला फार तर सहा मैल.

वाटेत लॉक असेल तर प्रत्येक लॉक एका मैलाच्या बरोबरीचा धरतात. हा हिशेब सवयीच्या माणसांचा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी एका लॉकला अर्धा तास धरावा, आणि तो परतीच्या वाटेवर पुन्हा लागतो हे विसरू नये.

म्हणून पहिल्या वेळी लॉक नसलेला मार्गच घ्या. लेस्टरशरमध्ये फॉक्सटनच्या पायथ्यापासून मार्केट हार्बरोपर्यंतचा फाटा साडेपाच-सहा मैलांचा आहे आणि त्यावर एकही लॉक नाही. फॉक्सटन गावापाशी एक फिरता पूल आहे; तो उघडून बंद करायलाही वेळ राखा. दुसरा चांगला मार्ग केनेट अँड एव्हन कालव्यावर: ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या लॉकच्या खालून बाथच्या दिशेनं निघालात तर नऊ-दहा मैल लॉक लागत नाही आणि वाटेत एव्हनक्लिफ आणि डंडस हे दोन जलसेतू येतात. मात्र तिथे बांधलेल्या बोटींच्या रांगा संपता संपत नाहीत, त्यामुळे ताशी दोन मैलच धरा. एका दिवसात बाथ गाठून परत यायचा हट्ट नको. डंडसपर्यंत जाऊन वळा.

फॉक्सटनचा दहा लॉकचा जिना ७५ फूट चढतो आणि बघण्यासारखा आहे. तो काठावरून चालत जाऊन बघा. दिवसाच्या बोटीनं चढायच्या भानगडीत पडू नका, कारण नुसत्या रांगेतच दुपार जाऊ शकते.

तपासा: निघायच्या आदल्या दिवशी कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या कालव्याच्या सूचना पाहा. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात जलाशयांत पाणी नसल्यामुळे कितीतरी ठिकाणचे लॉक बंद ठेवावे लागले होते.

## २. माणसं, कपडे आणि डबे

दिवसाच्या बोटींवर बहुधा ८ ते १२ जणांची मर्यादा असते. बारापेक्षा जास्त प्रवासी कुठल्याच भाड्याच्या बोटीवर चालत नाहीत, आणि कडेवरचं बाळही या मोजणीत येतं. ‘एकच तर जास्त आहे’ हे धक्क्यावर ऐकून घेतलं जात नाही.

कामं आधीच वाटून टाका: टिलर (बोट वळवायचा मागचा दांडा) धरायला दोघं, आलटून पालटून, दोरांना दोघं, आणि मुलांवर लक्ष ठेवायला एक जण, ज्याच्याकडे दुसरं काहीच काम नाही. टिलर धरणाऱ्यानं त्या दिवशी दारू प्यायची नाही.

टिलरपाशी उभं राहिलं की उन्हाळ्यातही गारठा लागतो. जाकीट आणि पकड असलेले बंद बूट हवेतच. साडी किंवा ओढणी घातलेल्यांनी मागच्या डेकऐवजी पुढच्या उघड्या बैठकीत बसावं. मोकळा पदर टिलरमध्ये अडकतो आणि पाण्यात लोंबला तर बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात जातो. गुडघेदुखी असलेल्यांसाठी बोटीत चढायची पायरी आधी विचारून ठेवा, कारण ती बरीच उंच असते.

स्वयंपाक बोटीवर करू नका. चहापुरता गॅस ठीक आहे, पण काठावर बोट आपटली की तळणीचं तेल आधी उसळतं. तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात आणि थर्मासमध्ये चहा एवढ्यावर दिवस मजेत जातो.

## ३. बोट ताब्यात घेताना

शिकवणी देणारा माणूस रोज तेच सांगत असतो, म्हणून भराभर बोलतो. इथे भिडस्तपणा कामाचा नाही. टिलर धरणाऱ्या दोघांनी पुढे उभं राहून प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातानं करून दाखवायला मागा:

- गिअरचा दांडा पुढे, मध्ये (म्हणजे न्यूट्रल) आणि मागे. इंजिन कसं बंद करायचं. चावी फिरवून की वेगळं बटण दाबून?
- हॉर्न, पुढचा दिवा, अग्निशामक, आणि पाण्यात फेकायचं कडं.
- पुढचा, मधला आणि मागचा दोर. मधला दोर छतावरून मागे आणून टिलरवाल्याच्या हाताशी ठेवलेला हवा.
- लोखंडी खुंट्या, हातोडा, काठाच्या पत्र्यात अडकवायचे हूक, लांब बांबू.
- मार्गावर लॉक किंवा फिरता पूल असेल तर विंडलस (लॉकची पॅडल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, फिरवायचं हँडल) आणि लागणाऱ्या चाव्या.
- पंख्यापर्यंत हात पोचणारं झाकण, म्हणजे वीड हॅच, कुठे आहे आणि ते कसं घट्ट बसतं.
- संडास. त्यात कागदी रुमाल किंवा डायपर टाकलात तर उरलेला दिवस तुमचाच खराब जातो.

लाइफ जॅकेट मागून घ्या. मुलांच्या मापाची आहेत का हे बोट ठरवतानाच विचारायला हवं.

## ४. काठ सोडणं

१. इंजिन सुरू, गिअर न्यूट्रलमध्ये. आधी कुणीही दोर सोडू नये.
२. पुढून-मागून बोट येत नाही ना, ते पाहा.
३. दोर सोडा आणि गुंडाळून डेकवर ठेवा. पाण्यात लोंबणारा दोर थेट पंख्याला गुंडाळतो.
४. मागची बाजू काठापासून ढकला. टिलर सरळ धरून हळूच मागे जा, म्हणजे पंखा खोल पाण्यात येतो.
५. मग पुढचा गिअर.

बहुतेक जण आधी नाक बाहेर काढून सरळ पुढे जातात. काठालगत गाळ असतो, त्यामुळे शेपटी त्यात रुतते आणि पंखा चिखल उपसत राहतो.

सावधान: मागे जाताना टिलर दोन्ही हातांनी मध्यावर घट्ट धरा आणि त्याच्या फिरण्याच्या जागेत कुणी उभं राहू देऊ नका. सुकाणू तळाला अडकलं तर टिलर फाडकन बाजूला जातो आणि माणसाला पाण्यात ढकलतो.

## ५. टिलर: सगळ्यात जास्त चुका इथेच

टिलर डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं. हे कळायला एक मिनिट लागतं, अंगवळणी पडायला अर्धा तास. तोवर वेग अगदी कमी ठेवा.

यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी तीन आहेत. एक, बोट मोटारीसारखी पुढून वळत नाही. ती साधारण मध्यावर फिरते. नाक उजवीकडे गेलं की शेपटी डावीकडे झुकते, म्हणून काठाजवळून किंवा दुसऱ्या बोटीजवळून एकदम वळू नका. दोन, पंख्यानं सुकाणूवर पाणी लोटलं तरच बोट वळते. घाबरून गिअर न्यूट्रलमध्ये टाकलात की वेग तसाच राहतो आणि वळवण्याची ताकद मात्र जाते. मागच्या गिअरमध्ये तर दिशा जवळजवळ हातात नसतेच. तीन, बोट उशिरा ऐकते आणि ऐकल्यावर थांबत नाही. नाक हव्या त्या दिशेला पोचायच्या आधीच टिलर सरळ करायचा. नवखा माणूस नाक सरळ होईपर्यंत वाट पाहतो, मग उलट दिशेला टिलर दाबतो, आणि बोट या काठावरून त्या काठावर झिंगल्यासारखी जात राहते.

ब्रेक नाही. थांबायचं तर मागचा गिअर टाकून जरासा जोर द्यायचा, आणि तोही बोटीच्या दोन-तीन लांबी आधीपासून. पुढच्या गिअरमधून मागच्यात जाताना मध्ये क्षणभर थांबा.

तपासा: दर थोड्या वेळानं मागे वळून पाहा. काठावर फुटणारी लाट दिसली किंवा काठालगतचं पाणी बोटीकडे ओढलं जाताना दिसलं तर वेग जास्त आहे. उथळ पाण्यात जोर वाढवून बोट पुढे पळत नाही. तिची शेपटी खाली बसते आणि डिझेल मात्र जळतं.

## ६. वाटेत

मोकळा कालवा असेल तेव्हा मधोमध चाला. खोली तिथेच असते. समोरून बोट आली की वेग कमी करा आणि उजवीकडे व्हा. पण हे फार आधी करू नका, नाहीतर काठाच्या गाळात रुताल. ती बोट बाजूनं गेली की लगेच मध्यावर या.

पुलाखाली एकच बोट मावते. जी जवळ असेल ती आधी जाते. दुसरीनं पुरेसं आधी थांबायचं. कमानीच्या आत थांबायचं नाही. पलीकडचं दिसत नसेल तर एक लांब हॉर्न द्या. पुलाखालून जाताना छतावर कुणीही नको आणि कुणाचाही हात-पाय बाजूच्या कडेबाहेर नको. कित्येक टनांची बोट आणि दगडी कमान यांच्यात हाताला जागा नसते.

बांधलेल्या बोटी दिसल्या की पहिल्या बोटीपर्यंत पोचायच्या आधीच वेग अगदी खाली आणा. तुमच्या बोटीनं ओढलेलं पाणी त्या बोटींच्या खुंट्या उपटतं. त्यात माणसं राहतात, आणि चुलीवरचा चहा सांडला की ती बाहेर येऊन काय म्हणतात ते मुलांनी ऐकण्यासारखं नसतं.

गळ टाकून बसलेल्यांपाशी वेग कमी, पण मध्यावरूनच चाला; त्यांचे लांब गळ ते आपणहून उचलतात. वाटेत बोगदा लागला तर पुढचा दिवा लावा, सगळ्यांना आत बसवा आणि समोर दुसरा दिवा दिसतो का पाहा. रुंद बोगद्यांत दोन बोटी एकमेकींना ओलांडतात, अरुंद बोगद्यांत नाही. कुठला कुठल्या प्रकारचा आहे ते तोंडावरच्या फलकावर लिहिलेलं असतं.

## ७. लॉक लागलाच तर

नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद आणि अरुंद लॉक साधारण ७ फुटांचा. चालण्याच्या निम्म्या वेगानं आत शिरा. अरुंद लॉकमध्ये बाजूला लोंबणारे फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) आधी वर घ्या, नाहीतर बोट भिंतींमध्ये पाचरीसारखी अडकते.

वर चढताना

१. लॉकच्या अलीकडे बोट बांधा. समोरून कुणी येत असेल आणि लॉक त्यांच्या पातळीला भरलेला असेल तर त्यांना येऊ द्या, पाणी वाचतं.
२. वरची गेट आणि वरची पॅडल बंद आहेत हे डोळ्यांनी पाहा. मग खालची पॅडल उघडून लॉक रिकामा करा.
३. पातळी सारखी झाली की खालची गेट उघडा आणि बोट आत घ्या. गेट बंद, खालची पॅडल बंद.
४. वरच्या बाजूची जमिनीतली पॅडल आधी अर्धी उघडा. बोट स्थिर आहे असं दिसलं की पूर्ण.
५. गेटमधली पॅडल असतील तर ती घाईनं उघडू नका. त्यांचं भोक पाण्याखाली गेल्यावरच उघडा. आधी उघडलीत तर पाण्याचा लोट थेट पुढच्या डेकवर पडतो. अशानं बोटी बुडाल्या आहेत.
६. पातळी सारखी झाली की गेट ढकलल्यावर उघडतं. उघडत नसेल तर पातळी अजून सारखी नाही. बोटीनं धक्के मारू नका.
७. बाहेर पडल्यावर गेट बंद, सगळी पॅडल खाली.

खाली उतरताना

क्रम उलटा, पण धोका वेगळा. वरच्या गेटाच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडी किंवा काँक्रीटची पायरी असते, तिला सिल म्हणतात. पाणी उतरत असताना शेपटी या पायरीवर टेकली तर मागचा भाग तिथेच राहतो, नाक खाली जातं आणि मिनिटा-दोन मिनिटांत बोट बुडते. सिल कुठवर येते ते लॉकच्या कडेला पांढऱ्या रेघेनं दाखवलेलं असतं. टिलरवाल्यानं लॉक रिकामा होईपर्यंत दुसरं काही न करता बोट त्या रेघेच्या पुढे ठेवायची. दोर कुठेही पक्का बांधायचा नाही. पाणी उतरलं की बोट दोरावर लटकते.

लॉकवरचा माणूस आणि टिलरवाला यांनी आधी एक खूण ठरवून घ्यावी. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. हात वर म्हणजे ‘पॅडल बंद करा’, आणि ते कारण न विचारता बंद करायचं.

बोट अडकली तर: उतरताना शेपटी सिलवर टेकली, तर खालची पॅडल ताबडतोब बंद करा, मग वरची उघडून पाणी परत भरा. चढताना नाक गेटाच्या आडव्या लाकडाखाली अडकलं, तर वरची पॅडल बंद, मग खालची उघडून पाणी उतरवा. दोन्ही वेळा आधी बंद, नंतर उघडणं.

सावधान: विंडलस दांड्यावर लावून सोडून देऊ नका. खटका निसटला तर ते गरगर फिरत उडतं. निसटलंच तर पकडायला जाऊ नका, मागे व्हा. गेट उघडायचा लांब दांडा पाठीनं रेटा, हातांनी ओढून नाही. मुलं लॉकच्या कडेवर नकोत. बोटीतली माणसं एकतर काठावर, नाहीतर आत बसलेली.

## ८. बोट उलट दिशेला वळवणं

बोटीच्या लांबीपेक्षा अरुंद जागेत बोट वळत नाही. त्यासाठी काठात खोबण काढलेली असते, तिला विंडिंग होल म्हणतात. नकाशावर ती त्रिकोणानं दाखवतात आणि किती फुटी बोट वळते तेही लिहिलेलं असतं. तुमची बोट किती फुटी आहे ते निघतानाच विचारा. एक विंडिंग होल चुकली तर पुढची मैलभर किंवा त्याहून लांब असू शकते, आणि ते अंतर परतीतही कापायचं असतं.

नाक हळूच खोबणीत घाला. नाक काठाला अलगद टेकलं की टिलर पूर्ण एका बाजूला दाबून पुढच्या गिअरमध्ये थोडा जोर ठेवा. शेपटी फिरत येते. निम्म्याहून जास्त फिरली की मागच्या गिअरनं बाहेर या. शेपटी खोबणीत घालू नका, कारण पंखा आणि सुकाणू उथळात जातात. वारा जोराचा असेल तर तो ज्या बाजूला ढकलतो त्याच बाजूला फिरा.

## ९. जेवायला थांबणं

वळणावर, पुलाखाली, विंडिंग होलमध्ये, लॉकच्या थांब्यावर किंवा पाणी भरायच्या नळापाशी बांधू नका.

काठाकडे अगदी थोडं तिरकं, नाक आधी. नाक काठाजवळ आलं की मागचा गिअर. बोट थांबल्यावर मधला दोर घेऊन एकानं उतरायचं. पाऊल टाकून उतरता येत नसेल तर बोट अजून लांब आहे, उडी नाही. दोर हाताला गुंडाळून बोट ओढू नका, आणि काठापासून वाचवायला हात किंवा पाय मध्ये घालू नका. ओरखडा पडला तर पडू द्या.

पुढचा आणि मागचा दोर बोटीपासून दूर जाणारा, तिरका ठेवा. खुंटी काठाच्या पाण्याकडच्या बाजूला, डोकं बोटीपासून लांब झुकवून ठोका. काठाला लोखंडी पत्रा असेल तर हूक वापरा, ते सोपं. खुंटीवर पांढरी पिशवी बांधा, म्हणजे सायकलवाले अडखळत नाहीत.

## १०. अडलात तर

रुतलात: पुढे जोर देऊ नका, आणखी रुताल. मागचा गिअर हलकेच. सगळ्यांना खोल पाण्याकडच्या बाजूला नेऊन बसवा, आणि बांबू तळाला टेकवून ढकला. बांबू छातीला किंवा पोटाला लावून नाही.

पंखा अडकला: एकाएकी जोर कमी झाला, कंपन वाढलं किंवा धूर काळा झाला, तर पंख्यात काहीतरी आहे. आधी काठाला बांधा. इंजिन बंद, चावी काढून खिशात. मग वीड हॅच उघडून हातमोज्यानं चिंधी, पिशवी किंवा दोर काढा. झाकण पुन्हा घट्ट बसवल्याची दुसऱ्याकडून खात्री करून घ्या. सैल झाकणानं चालू लागलात तर पंखाच पाणी आत फेकतो आणि बोट भरते.

कुणी पडलं: गिअर न्यूट्रलमध्ये, मग इंजिन बंद. बोट मागे घ्यायचा मोह आवरा, कारण पंखा तिकडेच आहे. कडं फेका आणि त्याला उभं राहायला सांगा. बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेएवढं किंवा छातीएवढंच असतं. काठाकडे चालत जाऊ द्या. कालव्याच्या पाण्यात उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जखमा धुवा, जेवायच्या आधी हात धुवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप-अंगदुखी आली तर डॉक्टरांना कालव्याचं नक्की सांगा.

मदतीला फोन करायची वेळ आली तर पुलाचा आकडा सांगा. प्रत्येक पुलावर नंबराची छोटी पाटी असते. टिलरवाल्यानं मागे गेलेला शेवटचा आकडा लक्षात ठेवायची सवय लावून घ्यावी.

## ११. परत देताना

धक्क्यावर गर्दी असते आणि वारा असला की शेवटच्या पन्नास मीटरमध्येच दिवसभरात चुकवलेली टक्कर होते. दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. कचरा, भांडी आणि केर आधीच्या थांब्यावरच आवरून घ्या. जागा अडचणीची वाटली तर धक्क्याच्या बाहेरच्या मोकळ्या काठाला टेकून फोन करा. त्यांचा माणूस येऊन बोट आत लावतो, आणि त्यासाठी पैसे घेत नाहीत ना, हे सकाळीच विचारून ठेवा.